कुंडीतली सदाफुली ते कासचं पठार: फुलांचे जवळून फोटो कसे काढायचे

दर वर्षी सप्टेंबर लागला की मला ओळखीपाळखीतून मेसेज सुरू होतात, रविवारी कासला चाललोय गं, फुलांचे फोटो छान यायला मोबाइलमध्ये काय सेटिंग करू ते पटकन सांग. मी साताऱ्यातच राहते, कास इथून साधारण २५ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं की आलंच, त्यामुळे मला विचारणं साहजिक आहे. पण पटकन सांगता येईल असं सेटिंग नसतं हो. पहिल्यांदा पठारावर गेलेला माणूस काय करतो, उभ्यानेच मोबाइल खाली धरून फटाफट पन्नास फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो तर सगळीकडे हिरवं गवत आणि त्यात जांभळे ठिपके. पहिल्या वर्षी मीही हेच केलं, आणि डोळ्यांनी जे बघून आले होते त्यातलं फोटोत काहीच उतरलं नाही याचं मला खरंच फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून एकच सांगते, कासला जायच्या आधी पंधरा दिवस घरच्या कुंडीतल्या फुलावर हात बसवा. हे पोळी लाटण्यासारखं आहे, कोणी सांगून येत नाही, रोज करून हाताला वळण लागतं.

म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, आधी घर, मग रान. मोबाइलवाल्यांसाठी जास्त आणि कॅमेरावाल्यांसाठी थोडं वेगळं शेवटाकडे.

पायरी १: एकच झाड निवडा

सदाफुली असेल तर उत्तम. बारा महिने फुलते, त्यामुळे आज फोटो बिघडला तर उद्या तसंच दुसरं फूल समोर हजर असतं, आणि फूल सपाट असल्यामुळे फोकसला सोपं. सदाफुली नसेल तर जास्वंद, गोकर्ण, अबोली, झेंडू काहीही चालेल, फक्त झाड एकच ठेवा आणि रोज दहा मिनिटं त्याच्यापाशी बसा.

पहिल्या दिवशी मोबाइल घरात ठेवून या. खरंच. नुसतं बघा दोन-तीन मिनिटं. सदाफुलीच्या पाच पाकळ्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं पण प्रत्येक पाकळी एका बाजूला किंचित कललेली असते, पंख्याच्या पात्यांसारखी, हे जवळून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्याच्याभोवती बारीक केसांचं कडं, आणि पुंकेसर कुठेच दिसत नाहीत कारण ते आत नळीत लपलेले असतात. आता तुम्हाला कळलं की या फुलाचा फोटो काढायचा म्हणजे त्या मधल्या डोळ्याचा काढायचाय, तो लख्ख आला की फोटो आला. दर फुलात अशी एक जागा असते, ती आधी डोळ्यांनी शोधायची, मोबाइल नंतर.

पायरी २: किती जवळ जायचं

लेन्स आधी पुसून घ्या, मऊ सुती कापडाने. अर्ध्या लोकांचे फोटो धुरकट येतात ते बोटांच्या तेलकटपणामुळे, आणि दोष मोबाइलला देतात.

आता मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंचं. कमी किमतीच्या बऱ्याच फोनना मॅक्रो म्हणून जो वेगळा छोटा कॅमेरा दिलेला असतो तो बहुतेक वेळा २ मेगापिक्सेलचा असतो, त्याचा फोटो स्क्रीनवर बरा दिसतो पण जरा मोठा करून बघितला की फाटतो. मी तर म्हणते तो विसरून जा, मुख्य कॅमेरा लावा, २एक्स करा आणि थोडं लांबून काढा. महाग फोनमध्ये अल्ट्रावाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारा, कॅमेरा अगदी दोन-तीन सेंटीमीटरवर फोकस करतो, आयफोनला हे २०२१ साली १३ प्रोपासून आलं, आणि ते खरंच कामाचं आहे, पण इतकं जवळ गेलं की फोनचीच सावली फुलावर पडते, फुलावर बसलेली माशी उडून जाते आणि मागचा भिंतीचा, बादलीचा, दोरीवरच्या कपड्यांचा सगळा पसारा फोटोत येतो. म्हणून तो मोड पुंकेसर, परागकण, पानावरची लव अशा अगदी बारीक गोष्टींपुरता ठेवा. क्लिपवाली मॅक्रो लेन्स मिळते तिचंही तसंच, मधला भाग सुरेख येतो आणि कडा पसरतात.

नेमकं अंतर कसं शोधायचं ते सांगते. फुलाच्या जवळ जात राहा, जात राहा, एका जागी फूल धूसर होईल आणि कितीही टॅप केलं तरी लागणार नाही. तिथून सावकाश मागे या, अगदी केसभर केसभर, आणि जिथे ते पहिल्यांदा लख्ख होईल तिथे थांबा. ही तुमच्या फोनची हद्द, बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला ती एका वितीच्या आत-बाहेर असते. एकदा हाताला हे अंतर कळलं की पुढे दर वेळी शोधावं लागत नाही. याच्या पुढे जायचंच असेल तर फोटो नंतर कापून मोठा करा, पण १०एक्स झूम लावून बसू नका.

मग स्क्रीनवर फुलाच्या त्या डोळ्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते ती थोडी खाली ओढा, फूल जरासं काळपट वाटलं तरी चालेल, का ते पुढे रंगांच्या भागात येतंच.

पोर्ट्रेट मोड मात्र लावू नका. तो मागचं धूसर करतो ते खोटं खोटं करतो, माणसाच्या चेहऱ्याला कदाचित शोभत असेल पण फुलाचे पुंकेसर, देठावरची लव, पाकळीची झालर हे त्याला कळत नाही आणि तो ते अर्धवट पुसून टाकतो.

पायरी ३: खाली बसा

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा की फुलाचा फोटो फुलाच्या उंचीवरून काढायचा. आपण फुलं आयुष्यभर वरून बघत आलोय म्हणून वरून काढलेला फोटो कोणालाच नवीन वाटत नाही. कुंडी कट्ट्यावर ठेवा किंवा तुम्ही जमिनीवर बसा, लेन्स फुलाच्या तोंडासमोर आली पाहिजे. मोबाइल उलटा धरला, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली, तर लेन्स जमिनीला टेकते इतकी खाली जाते, ही युक्ती छोट्या रानफुलांसाठी फारच उपयोगी आहे.

घराजवळ कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर, नाहीतर रस्त्याच्या कडेला एकदांडी असते, काही जण कंबरमोडी म्हणतात, दगडी पालाही म्हणतात. लांब दांडीवर एकच फूल, वरून बघितलं तर पिवळा ठिपका आणि भोवती चार-पाच पांढरट पाकळ्या. आता तिच्यासमोर पालथं पडून बघा. ती पांढरट पाकळी टोकाला तीन दातांची असते. आणि मधला पिवळा ठिपका म्हणजे ठिपका नाहीच, ती स्वतंत्र फुलांची गर्दी आहे, प्रत्येक फूल पाच टोकांच्या इवल्या चांदणीसारखं, कडेची आधी उमललेली आणि मधली अजून मिटलेली. लोक तिला तण म्हणून उपटून फेकतात. फुलपाखरं मात्र तिच्यावर सारखी येतात, त्यामुळे बसल्या जागी फुलपाखराचाही फोटो मिळून जातो.

पायरी ४: उजेड

दुपारचं कडक ऊन फुलाला मानवत नाही, फोटोतल्या फुलाला तर नाहीच. अर्धी पाकळी पांढरीफटक आणि अर्धी काळी. सकाळी साडेसहा-सात ते नऊ ही वेळ सगळ्यात चांगली, दव असतं, वारा पडलेला असतो, ऊन तिरकं असतं. ढगाळ दिवस असेल तर दिवसभर काढा, ढग म्हणजे आयता मिळालेला मोठा पडदा आहे. लोक आभाळ आलं की कॅमेरा पिशवीत टाकतात, मी तेव्हाच बाहेर काढते.

ऊन टाळताच आलं नाही तर फूल आणि सूर्य यांच्या मध्ये काहीतरी पांढरट धरा. केकच्या भांड्यात घालतो तो बटर पेपर एका पुठ्ठ्याच्या चौकटीला चिकटवा, झाला डिफ्यूजर. पांढरी छत्रीही चालते. आणि सावलीच्या बाजूला उजेड कमी पडत असेल तर डबा गुंडाळायची फॉइल पुठ्ठ्यावर लावून खालून धरा, फुलाच्या घशात सुंदर उजेड शिरतो. फॉइल आधी जरा चुरगाळून मग सरळ करून लावा, नाहीतर एकाच जागी झगमग पडते.

उन्हाच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे फूल मध्ये आणि सूर्य त्याच्या मागे, असाही एक फोटो दर वेळी काढून बघा. पाकळ्यांतल्या शिरा दिसतात, देठावरची लव चांदीसारखी उजळते. फक्त लेन्सवर थेट ऊन येऊ देऊ नका, दुसऱ्या हाताचा पंजा वर धरा.

प्रत्येक फुलाची स्वतःचीही वेळ असते बरं का. चिनी गुलाब ऊन आल्याशिवाय उघडत नाही, गुलबक्षी संध्याकाळी उमलते, केन्याचं निळं फूल सकाळी असतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, प्राजक्त तर उजाडेपर्यंत खाली सडा घालून मोकळा. त्यामुळे मी गेले तेव्हा फूलच नव्हतं असं होऊ नये म्हणून आदल्या दिवशी एक चक्कर मारून वेळ बघून ठेवायची.

स्प्रे बाटलीने पाणी मारून दवाचे थेंब दाखवतात ते मला पटत नाही. सात वाजता उठलं की खरे मिळतात.

पायरी ५: वारा

घरी सोपं आहे. कुंडी आडोशाला घ्या, नाहीतर कुंडीत एक बांबूची काडी रोवून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फांदी हलकेच काडीला टेकवून ठेवा, देठ दाबायचा नाही. रानात मात्र हे करायचं नाही, तिथे आपण स्वतः आडोसा व्हायचं, वाऱ्याकडे पाठ करून बसायचं.

आणि वाट बघायची. वारा सलग कधीच नसतो, झुळूक येते, फूल डोलतं, मग एक-दोन सेकंद सगळं गप्प होतं, तो क्षण पकडायचा. बटण दाबताना मोबाइल हलतो म्हणून आवाजाचं बटण वापरा किंवा २ सेकंदांचा टायमर लावा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, श्वास सोडा आणि मग क्लिक. वारा फारच असेल तर बर्स्टमध्ये, म्हणजे सलग फटाफट, दहा-पंधरा फोटो घ्या, त्यातला एक लागतो.

पायरी ६: फोकस, म्हणजे सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ते

जवळून फोटो काढताना लख्ख दिसणारी जाडी फार कमी असते. समोरचं फूल लख्ख तर मागची पाकळी धूसर, हे टाळता येत नाही, पण त्यातून मार्ग काढता येतो.

जास्वंद घ्या. समोरून काढली तर मधला दांडा सरळ तुमच्याकडे येतो, त्याच्या टोकाला लाल मखमली पाच गोळे, खाली पिवळे परागकण आणि त्याच्याही मागे पाकळ्या. टोकावर फोकस केला तर पाकळ्या गेल्या, पाकळ्यांवर केला तर दांडा गेला. आता तेच फूल बाजूने बघा. दांडा आडवा दिसतो, टोकापासून बुडापर्यंत लेन्सपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, आणि एकाच फोटोत ते पाच गोळे, त्यांच्याखालचे परागकण, सगळं लख्ख येतं. म्हणजे नियम असा की जे दाखवायचंय ते मोबाइलच्या पाठीला समांतर आणायचं. फुलपाखराचे मिटलेले पंख, पान, सदाफुलीचा चेहरा, सगळ्याला हाच नियम. तेरड्याच्या फुलाला मागे एक वाकडी शेपटी असते, तिच्यात मध असतो, ती समोरून दिसतच नाही, तेरडा म्हणूनच बाजूने काढायचा. तेरड्याचे रंग तीन दिवस म्हणतात तेव्हा उशीर मात्र करू नका.

समोरूनच हवं असेल तर मग काय सोडायचं ते आधी ठरवा. पाकळ्या धूसर ठेवून फक्त ते पाच गोळे लख्ख, हाही फार सुंदर फोटो होतो. वाईट दिसतो तो अर्धवट, ना इकडचा ना तिकडचा.

पायरी ७: रंग

लाल जास्वंद, पिवळी सोनकी, केशरी झेंडू, यांचे फोटो बघितले की पाकळीवर शिरा नाहीत, सुरकुत्या नाहीत, नुसता रंगाचा सपाट गोळा, असं बऱ्याचदा होतं. कारण एकच रंग इतका भडक असतो की कॅमेऱ्याचा त्या रंगाचा पेला भरून वाहतो आणि बारकावे बुडतात. म्हणून उजेडाची पट्टी खाली ओढायला सांगितलं. कॅमेऱ्यावर असाल तर एक्स्पोजर साधारण उणे ०.७ ठेवून बघा. मोगरा, तगर यांनाही कमीच ठेवा.

जांभळ्या फुलांची गोष्ट वेगळी, ती फोटोत निळी होतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवरून काढून ढगाचं चिन्ह असलेल्यावर ठेवा, बराच फरक पडतो, राहिलेला घरी आल्यावर फूल आठवून दुरुस्त करा. आणि फोनमधला एआय सीन का काय असतो तो बंद करा, तो पानं अशी हिरवीगार करतो की तशी हिरवी पानं मी साताऱ्यात अजून बघितलेली नाहीत.

मागचं दृश्य, थोडक्यात

क्लिक करायच्या आधी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवा. पांढरी काडी, वाळकं पान, चकाकणारी पिशवी दिसली तर स्वतः दोन इंच सरका, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. फुलामागे गडद सावली असेल असा कोन मिळाला तर फूल आपोआप उठून दिसतं, काळा कागद धरायची गरज नाही.

कॅमेरा असेल तर

लगेच मॅक्रो लेन्स विकत घेऊ नका. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स ५५ वर ठेवून जितकं जवळ जाता येईल तितकं जा, सदाफुली, झेंडू, जास्वंद यांना ती पुरते. पुढची पायरी म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, आत काच नसते त्यामुळे स्वस्त असते. घेताना आतून इलेक्ट्रिक संपर्क असलेलीच घ्या, नाहीतर ऑटोफोकस आणि लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र म्हणजे अॅपर्चर दोन्ही जातात. कोणाकडे जुनी ५० एमएमची लेन्स पडून असेल तर रिव्हर्स रिंग लावून ती उलटी बसवता येते, जिच्यावर अॅपर्चरची गोल रिंग आहे ती उत्तम. हे करून करून मन भरलं नाही तर मग ९० किंवा १०० एमएमची मॅक्रो, आणि तीही आधी भाड्याने आणून दोन दिवस वापरून बघा, पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात.

खऱ्या मॅक्रोला १:१ म्हणतात, म्हणजे फुलाचा जेवढा भाग तेवढाच सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटर, म्हणजे फ्रेममध्ये तेवढाच तुकडा मावतो. आणि तिथे एफ ८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक) लख्ख जाडी मिळते साधारण १ मिलीमीटर, तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा कमी. त्यात १:१ ला गेलं की सेन्सरपर्यंत उजेड दोन स्टॉपने कमी, म्हणजे पाव हिस्साच, पोचतो. म्हणून नवीन माणूस गोंधळतो की इतकं ऊन असून फोटो काळा का. सुरुवातीला मी हे ठेवायला सांगते: एफ ८ ते एफ ११, शटर १/२५० सेकंद किंवा वेगवान, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, जाडी वाढते पण सगळाच फोटो मऊ पडतो.

अगदी जवळ ऑटोफोकस पुढे-मागे घिरट्या घालत बसतो. तो बंद करा, फोकस एका जागी ठेवा आणि स्वतःच मुंगीच्या पावलाने पुढे-मागे डुला, डोळ्याला लख्ख दिसलं की क्लिक. ट्रायपॉड जमिनीलगत जात नसेल तर जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून त्यात चणे भरा, तिच्यावर कॅमेरा असा बसतो की हलत नाही.

पायरी ८: आता रानात

पंधरा दिवस झाले की बाहेर पडा, पण थेट कास नको. माझं पहिलं रान म्हणजे अजिंक्यताऱ्याची चढण, तुमच्या गावाजवळ कुठली टेकडी असेल ती. ओळखीच्या टेकडीवर चार वेळा जाता येतं आणि फुलं कुठे येतात ते कळत जातं.

कासचं सांगायचं तर ८५० हून जास्त सपुष्प वनस्पती तिथे नोंदल्यात, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे, आणि हंगामात रोजच्या माणसांवर मर्यादा असते, ऑनलाइन बुकिंग करून जावं लागतं. बुधवार-गुरुवार बघा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. सप्टेंबर हा भर हंगाम, पुढे-मागे पावसावर. टोपली कारवी मात्र दर वर्षी नसते, तिची सात वर्षांची फेरी असते, तेव्हा ती दिसली नाही म्हणून खट्टू होऊ नका.

तिथे गेल्यावर सीतेची आसवं बघायला विसरू नका. लांबून ती जांभळी चादर दिसते, सगळे चादरीचाच फोटो काढतात. वाटेच्या कडेला बसा आणि एकच फूल बघा. जेमतेम सेंटीमीटरभर, दोऱ्यासारख्या देठावर, खालच्या मोठ्या पाकळीवर मधोमध पांढरट ठसा. आणि हे इवलंसं फूल कीटकभक्षी वनस्पतीचं आहे, तिच्या ओल्या मातीतल्या भागावर सूक्ष्म पिशव्या असतात, त्यात पाण्यातले बारीक जीव ओढले जातात. तसंच दवबिंदू, लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब, ते उन्हाच्या विरुद्ध बाजूनेच काढा, एकेक थेंब दिव्यासारखा पेटतो. कवल्याची पिवळी फुलं आहेत, दोन लाल ठिपक्यांमुळे लोक मिकी माउस म्हणतात, ती थेट समोरून काढा तरच ते तोंड दिसतं.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. काही वर्षांपूर्वी अशाच एका सपाट कातळावर मी चांगला फोटो मिळाला म्हणून आनंदात उठले, आणि मागे वळून बघितलं तर माझ्या गुडघ्याच्या जागी आसवांचा एक ताटाएवढा तुकडा चिखलात सपाट झाला होता. एका फुलाच्या फोटोसाठी मी पन्नास-साठ फुलं मारली होती. तो फोटो मी कोणालाच दाखवला नाही. तेव्हापासून वाट सोडायची नाही, बसायचं ते उघड्या दगडावर किंवा वाटेवरच, आणि तिथून जे फूल पोचेल तेच आपलं. मोबाइलचा हात लांब करून, २एक्स लावून वाटेवरून उत्तम फोटो येतात, पाहिजे तर एक तास एकाच जागी बसा. फूल तोडून हातात धरून फोटो काढायचा नाही, मध्ये येणारं गवतही उपटायचं नाही, बाजूला वाकवून धरलं तरी पुरतं.

बसायच्या आधी काठीने गवत जरा हलवून बघा आणि हात टेकताना जागा बघून टेका. या कातळांवर फुरसं हा विषारी साप असतो, मातीच्या रंगाचा, चटकन दिसत नाही. पावसाळी चपलांऐवजी बूट घाला.

पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, तेव्हाही आवाजाचं बटणच. गाडीतल्या एसीतून एकदम बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटांत आपोआप जाते. आणि कॅमेरावाल्यांनी घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत तसाच ठेवायचा नाही, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवायचा, आमच्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात लेन्सच्या आत बुरशी धरायला वेळ लागत नाही, मग दुरुस्तीचा खर्च जुन्या लेन्सच्या किमतीएवढा सांगतात.

ओळखीसाठी चार फोटो जास्तीचे

कुठलं फूल हे विचारायला लोक एक सुंदर क्लोजअप पाठवतात आणि त्यावरून जाणकारालाही सांगता येत नाही. म्हणून फुलाचा समोरून, बाजूने, पानाचा वरून आणि खालून, देठाला पान कसं जोडलंय त्याचा, आणि अख्ख्या झाडाचा, इतके फोटो घ्यायचेच. आकार कळायला शेजारी एक नाणं धरा. आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या साइटवर टाकलं तर नाव कळायला मदत होते आणि नोंदही राहते. फक्त कंदीलपुष्प किंवा आमरीसारखं दुर्मीळ काही सापडलं तर फोटोतलं लोकेशन बंद करा आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर जागा सांगू नका, काही कंदीलपुष्पं मोजक्याच ठिकाणी उरलीत.

घरी आल्यावर

त्याच रात्री निवडा, कारण नंतर होत नाही. शंभरातले पाच ठेवा. प्रत्येक फोटो मोठा करून फुलाचा तो डोळा लख्ख आहे का बघा, नसेल तर बाकी कितीही छान असला तरी काढून टाका. मग स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये थोडं कापणं, सावली जराशी उजळणं, एवढंच. रंगाची पट्टी पुढे ओढायचा मोह झाला तर शेजारी खरं फूल ठेवून ताडून बघा, घरच्या झाडाचा सराव त्यासाठीही उपयोगी पडतो. पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की तो दाबून लहान करतं आणि तुम्ही धडपडून टिपलेली लव सगळी पुसली जाते.

आणि एक छोटी वही ठेवा. तारीख, जागा, वेळ, फुलाचं नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर "पिवळं, पाच पाकळ्या, ओल्या दगडावर" असं काहीही. माझ्या वहीत यवतेश्वरच्या घाटातल्या एका वळणाची अशी सहा वर्षांची पानं आहेत, त्या वळणावर केना आधी येतो, मग तेरडा, मग सोनकी. पाऊस लांबला की तारखा पुढे सरकतात पण क्रम तोच राहतो, आणि आता तेरडा दिसला की सोनकीसाठी पुढच्या कुठल्या आठवड्यात पहाटेचा गजर लावायचा ते मला त्या पानांवरून कळतं.